मॅन्युअलच्या शेवटच्या पानावरचं आश्वासन: एका गेटवेच्या फर्मवेअरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नेटवर्क गेटवे (एक नेटवर्क दुसऱ्याशी जोडणारी पेटी) बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचं आहे. मी तेव्हा तिथे फर्मवेअरचं, म्हणजे यंत्राच्या आत भरलेल्या सॉफ्टवेअरचं, बिल्ड आणि रिलीज पाहत होतो. कंपनीची, चिपची, माणसांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. कुठल्या वळणावर काय ठरलं आणि का ठरलं, ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

उत्पादन साधं होतं. भिंतीवर लावायची एक पेटी, आत वाय-फाय, दोन इथरनेट पोर्ट, एक सीरियल पोर्ट. बोर्ड आणि मूळ फर्मवेअर एका ओडीएमकडून (इतरांच्या नावाने विकायचा माल बनवून देणाऱ्या कंपनीकडून) यायचं, आणि ओडीएम ते चिप बनवणाऱ्या कंपनीच्या एसडीकेवर (चिपसाठीच्या सॉफ्टवेअरच्या संचावर) उभं करायचा. आमचं स्वतःचं म्हणाल तर वेब इंटरफेस, सेटिंग सांभाळणारा एक डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आणि एक छोटं कर्नल मॉड्यूल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला जोडला जाणारा तुकडा. बाकी यू-बूट (बूटलोडर), लिनक्स कर्नल, बिझीबॉक्स (मूलभूत कमांडींचा संच), आयपीटेबल्स (फायरवॉल), डीएनएसमास्क हे सगळं इतरांनी लिहिलेलं होतं, आणि त्यातलं बहुतेक जीपीएलच्या, म्हणजे वाटपासोबत सोर्सही द्यायला लावणाऱ्या खुल्या लायसन्सच्या, दुसऱ्या आवृत्तीखाली येत होतं.

१९९१ सालच्या त्या लायसन्सचं तिसरं कलम या प्रकरणाच्या मुळाशी आहे. बायनरी (चालायला तयार प्रोग्रॅम) द्यायची असेल तर व्यावसायिक विक्रेत्यापुढे दोनच वाटा आहेत. बायनरीसोबतच सोर्स (माणसाने लिहिलेला मूळ कोड) द्या, नाहीतर 'मागाल तर देऊ' असा किमान तीन वर्षं वैध राहणारा लेखी प्रस्ताव द्या. तिसरी वाट, म्हणजे आपल्याला मिळालेला प्रस्ताव तसाच पुढे सरकवणं, फक्त बिगरव्यावसायिक वाटपासाठी आहे. आमच्या खरेदी विभागाला ती आपल्यासाठीच आहे असं बरेच दिवस वाटत होतं. "सोर्स ओडीएमकडे आहे, त्यांना विचारा" हे उत्तर त्यांना पुरेसं वाटायचं.

लेखी प्रस्ताव आमच्या मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर होता. तो ओडीएमच्या नमुन्यातून उचललेला, फक्त कंपनीचं नाव बदललेलं. सोर्स हवा असेल तर पेटीचा सीरियल नंबर आणि खरेदीचं बिल पाठवा, शिवाय 'प्रक्रिया शुल्क' भरा, असं त्यात लिहिलं होतं. दोन्ही गोष्टी चुकीच्या. प्रस्ताव कोणाही त्रयस्थासाठी खुला असावा लागतो, बिल असो वा नसो. आणि सोर्स प्रत्यक्ष पोचवण्याला जितका खर्च येतो त्याहून जास्त पैसे मागता येत नाहीत. दोन वर्षं हे पान छापलं जात होतं. ते कुणी वाचलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

अडचण कशी समोर आली

एका ग्राहकाने त्या पानावरच्या पत्त्यावर मेल टाकला. उत्तर नाही. काही आठवड्यांनी दुसरा, मग तिसरा. त्या पत्त्यावरचे मेल ज्याच्याकडे वळवले होते तो सहकारी कधीच नोकरी सोडून गेला होता, आणि मेल त्याच्या बंद खात्यात जाऊन साचत होते. मुद्दाम कुणी टाळलं नव्हतं. पण बाहेरच्या माणसाला दुर्लक्ष आणि टाळाटाळ यांतला फरक कसा कळणार?

चौथं पत्र थेट संचालकांच्या नावे आलं, आणि ते त्या ग्राहकाचं नव्हतं. आमच्या फर्मवेअरमधल्या एका जीपीएल घटकात ज्याचा स्वतःचा कोड होता, अशा डेव्हलपरचं होतं. ग्राहकाने त्याला कळवलं होतं. भाषा सभ्य, पण तपशील अचूक. त्याने आमच्याच वेबसाइटवरून फर्मवेअरची फाइल उतरवली होती, बिनवॉक या फर्मवेअर उलगडणाऱ्या साधनाने उघडली होती, आणि कर्नलची आवृत्ती, बिझीबॉक्सची आवृत्ती, आयपीटेबल्सच्या लायब्रऱ्यांची नावं अशी सगळी यादी जोडली होती. त्यासाठी त्याला आमची पेटी विकतही घ्यावी लागली नव्हती. वेबसाइटवर अपडेट ठेवणं हेही वाटपच असतं, हा विचार तोवर आमच्याकडे कुणी केला नव्हता.

कायद्याच्या बाजूने दोन वेगळी माणसं आमच्यासमोर उभी होती. डेव्हलपर कॉपीराइटधारक होता. जीपीएलचे बहुतेक खटले याच वाटेने गेले आहेत: २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने साइटकॉमविरुद्ध दिलेला मनाई हुकूम, किंवा २००७ पासून अमेरिकेत बिझीबॉक्सवरून झालेले दावे. ग्राहकाच्या हातात काही आहे का, हा प्रश्न नवा होता. २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीने व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर कॅलिफोर्नियात खटला भरला तो कॉपीराइटधारक म्हणून नव्हे, टीव्ही विकत घेणारा म्हणून. आमच्या वकिलांनी ही दोन्ही नावं पहिल्याच बैठकीत घेतली. संचालक म्हणाले, "मग सोर्स देऊन टाका. त्यात काय?"

त्यात काय, ते शोधायला आम्हाला पुढचे नऊ दिवस लागले.

माझ्याकडे गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) एक सोर्सचं झाड, म्हणजे सोर्सच्या फोल्डरांचा संच, होतं. मी ते बिल्ड केलं, आणि कर्नल उभा राहिलाही. पण बाजारात गेलेल्या पेटीतला कर्नल हा नव्हता. कर्नलच्या सोर्समध्ये 'एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग' नावाची एक छोटी स्क्रिप्ट असते. बायनरीत कॉन्फिग (बिल्ड करताना निवडलेल्या पर्यायांची यादी) भरलेली असेल तर ती बाहेर काढता येते. पेटीतली कॉन्फिग काढून माझ्या कॉन्फिगशेजारी ठेवली, तर शंभरावर ओळी वेगळ्या. म्हणजे आम्ही विकत होतो ते फर्मवेअर ओडीएमच्या एका इंजिनिअरने स्वतःच्या मशीनवर, एसडीकेच्या पुढच्या आवृत्तीवर, हाताने लावलेल्या पॅचसह बनवलं होतं. आम्हाला तयार इमेज मिळाली, आम्ही ती तपासली, ती चालली, आम्ही कारखान्याला पाठवली. तिचा सोर्स आपल्याकडे नाही हे कुणाला कळण्याचं कारणच नव्हतं, कारण फर्मवेअर चालायला सोर्स लागत नाही.

दुसरी गाठ चिप कंपनीची. तिच्या एसडीकेवर गोपनीयतेचा करार होता, आणि कर्नलच्या झाडातल्या कित्येक फाइलींच्या डोक्यावर 'गोपनीय, पूर्वपरवानगीशिवाय देऊ नये' असा मजकूर होता. त्यातल्या काही फाइली मूळ कर्नलच्याच होत्या. जुना कॉपीराइट मजकूर खोडून वर नवा चिकटवलेला. मूळ कर्नलशी ताडून पाहिलं तेव्हा एका फाइलीत फक्त तो मजकूर आणि दोन ओळी बदललेल्या आढळल्या.

तिसरी गाठ आमची स्वतःची, आणि सर्वांत लाजिरवाणी. ते छोटं कर्नल मॉड्यूल प्रत्येक उपकरणाचा वेग मर्यादित ठेवायचं. व्यवस्थापनाच्या लेखी ते आमचं गुपित होतं. विक्रीच्या सादरीकरणात त्याच्यासाठी एक अख्खी स्लाइड होती. मी फाइल उघडली. नेटफिल्टरमधल्या (कर्नलच्या पॅकेट गाळणाऱ्या भागातल्या) एका मॅच मॉड्यूलची नक्कल करून सुरुवात केली होती हे रचनेवरूनच दिसत होतं. खाली, जिथे मॉड्यूलचं लायसन्स जाहीर करायचं असतं, तिथे 'जीपीएल' लिहिलं होतं. तसं लिहिलं नाही तर कर्नल काही सिम्बॉल (आपली आतली फंक्शनं) वापरू देत नाही, म्हणून लिहिलं होतं. कर्नलला आम्ही सांगत होतो हे जीपीएल आहे, ग्राहकाला सांगत होतो हे आमच्या मालकीचं आहे.

चौथी गोष्ट उशिरा सापडली. सेटिंगच्या डेमनमध्ये कमांड लाइन होती, आणि तिच्यासाठी रीडलाइन लायब्ररी जोडलेली होती. बऱ्याच लायब्रऱ्या एलजीपीएल या जीपीएलच्या सैल रूपाखाली असतात, त्यांना मालकीचा प्रोग्रॅम जोडता येतो. रीडलाइन एलजीपीएल नाही, सरळ जीपीएल आहे, आणि तिच्या सहाव्या आवृत्तीपासून जीपीएल-३. म्हणजे वेगमर्यादेचं मॉड्यूल राहू द्या, आमचा अख्खा डेमनच त्या छत्राखाली आला होता. बाणाच्या कळा दाबून मागची कमांड यावी, एवढ्या सोयीसाठी.

कोणते पर्याय तोलले

गप्प बसायचं, हा पर्याय बैठकीत मोठ्याने कुणी मांडला नाही, पण "थोडं थांबून बघू" या रूपात तो दोनदा आला. वकिलांनी तो लगेच बाजूला केला. जीपीएल-२ च्या चौथ्या कलमानुसार अटी मोडल्या की वाटपाचा हक्क आपोआप संपतो. नोटीस आल्यानंतरही पेट्या पाठवत राहणं म्हणजे जाणूनबुजून केलेलं उल्लंघन.

माझ्याकडचं झाड टारबॉल (गुंडाळलेली एकच फाइल) करून चढवायचं, हा विक्री विभागाचा आवडता पर्याय. एका दिवसात काम संपलं असतं. पण लायसन्स मागतं तो 'त्या बायनरीचा' पूर्ण सोर्स, आणि त्यात बिल्ड करण्याच्या आणि बसवण्याच्या स्क्रिप्टही येतात. ज्याने फर्मवेअर उघडून आम्हाला पत्र पाठवलं, तो टारबॉल बिल्ड करून बघणार नाही असं मानणं भाबडेपणाचं होतं. चुकीचा सोर्स देणं हे काही न देण्यापेक्षा वाईट, असं माझं तेव्हाही मत होतं: न देण्यात आपण गाफील ठरतो, चुकीचा देण्यात खोटे.

जीपीएलचा कोड काढून मोकळ्या लायसन्सचं दुसरं काही बसवायचं, असंही एकाने सुचवलं. बिझीबॉक्सच्या जागी टॉयबॉक्स येऊ शकलं असतं. पण कर्नल कशाने बदलणार? आणि बदललं तरी ते पुढच्या पेट्यांसाठी. ज्या हजारो पेट्या लोकांच्या भिंतींवर लागल्या होत्या, त्यांचं देणं तसंच राहिलं असतं. कॉपीराइटधारकांकडून वेगळा परवाना विकत घ्यायची कल्पनाही निघाली. कर्नलमध्ये हजारो लोकांचा कॉपीराइट आहे, एवढं सांगितल्यावर ती मावळली.

उरलेला पर्याय असा: ताबडतोब उत्तर द्यायचं, खरं सांगायचं, मुदत मागायची आणि तेवढ्यात नीट काम करायचं. मुदत किती, यावर वाद झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये कर्नलच्या बऱ्याच डेव्हलपरांनी एक निवेदन काढून जीपीएल-३ मधली दुरुस्तीची मुभा कर्नलच्या बाबतीतही पाळू असं कबूल केलं होतं. पहिलीच चूक असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली, तर हक्क कायमचे परत मिळतात. पत्र लिहिणाऱ्याचा कोड कर्नलमधला नव्हता, त्यामुळे तो या निवेदनाला बांधील नव्हता. तरी आम्ही ३० दिवस हीच आमची मुदत धरली. बाहेरच्या कुणीतरी घालून दिलेला आकडा असला की आतली भांडणं कमी होतात.

संचालकांना पटवायला मात्र कलमांपेक्षा एक जुनी गोष्ट उपयोगी पडली. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांच्या लक्षात आलं. चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअर सायबरटॅन नावाच्या तिसऱ्याच कंपनीने बांधलेलं, पेटीवर नाव लिंक्सिसचं, आणि त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतल्यामुळे प्रश्न येऊन पडला सिस्कोच्या दारात. चिपवाल्यापासून दुकानापर्यंतची ही साखळी आमच्यासारखीच होती, फक्त आकडे मोठे. तेव्हा खुल्या झालेल्या सोर्समधूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर उभं राहिलं. आणि आमच्या एसडीकेचा सांगाडाही ओपनडब्ल्यूआरटीचाच होता. हे ऐकून संचालक बराच वेळ काही बोलले नाहीत.

काय केलं

पत्राला दुसऱ्या दिवशी उत्तर गेलं. वकिलांचा मसुदा दीड पानी होता, 'कोणतीही जबाबदारी मान्य न करता' ने सुरू होणारा. तो बाजूला ठेवून आठ ओळींचं उत्तर पाठवलं. पत्र मिळालं, मुद्दा बरोबर आहे, ग्राहकाच्या तीन मेलना उत्तर का गेलं नाही हे कळलं आहे, ३० दिवसांत सोर्स देतो, दर आठवड्याला कळवतो, खाली माझं नाव आणि फोन. वकील नाराज होते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा निर्णय हाच. डेव्हलपरने त्याच संध्याकाळी लिहिलं की इंजिनिअरकडून उत्तर आल्याचा त्याला आनंद आहे. ग्राहकाला वेगळं पत्र गेलं, माफी मागून.

डाउनलोडचं पान त्याच दिवशी बंद केलं. पेट्या थांबवायच्या का, यावर मोठं भांडण झालं. गोदामात माल तयार होता, ऑर्डरी बांधलेल्या होत्या. सुधारित पान पेटीत टाकून माल पाठवा, असं विक्रीचं म्हणणं. पण जो सोर्स आपल्या हातात नाही तो देण्याचा प्रस्ताव छापणं हे पुन्हा तेच पाप. शेवटी दोन आठवडे माल रोखला. मला वाटतं तो रोखला म्हणूनच पुढची हालचाल झाली, कारण त्या दिवसापासून विक्री विभाग ओडीएमला रोज फोन करू लागला. माझे मेल ओडीएमने तीन महिने लोंबकळत ठेवले असते.

ओडीएमचं पहिलं उत्तर 'चिप कंपनीशी गोपनीयतेचा करार आहे' असं होतं. आमच्या वकिलांनी इथे खरी मदत केली. जीपीएलच्या सहाव्या कलमानुसार पुढच्या माणसाच्या हक्कांवर जादा बंधन घालता येत नाही. तेव्हा कर्नलच्या फाइलींना तो करार लावणं म्हणजे चिप कंपनीने स्वतःचंच लायसन्स मोडणं होय, असं त्यांनी लिहून पाठवलं. सोबत मी ती दोन ओळींचा फरक असलेली फाइल जोडली, मूळ फाइल शेजारी ठेवून. सहा दिवसांनी चिप कंपनीकडून एक वेगळा टारबॉल आला. त्यांच्याकडे 'जीपीएल रिलीज' तयारच होतं! फक्त मागणाऱ्यालाच द्यायचं, आणि आजवर आमच्या साखळीतून ते कुणी मागितलं नव्हतं.

त्या टारबॉलमध्ये वाय-फायचा ड्रायव्हर मात्र बायनरीच होता. बंद कर्नल मॉड्यूलना परवानगी आहे की नाही हा जुना, न सुटलेला वाद आहे, आणि तो सोडवणं आमच्या कुवतीबाहेरचं होतं. पण तपासताना दिसलं की ओडीएमने तो ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल म्हणून न ठेवता थेट कर्नलच्या इमेजमध्येच जोडला होता, म्हणे बूट दोन सेकंदांनी लवकर होतं. एकाच बायनरीत दोन्ही मिसळले की 'हे वेगळं काम आहे' म्हणायलाही जागा उरत नाही. तो आम्ही बाहेर काढून लोड होणारं मॉड्यूल केला. दोन सेकंद गेले. वाद संपला नाही.

यानंतर सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो एका परीक्षेने. टेस्टिंगमधल्या एका सहकाऱ्याला कोरं कंटेनर (आधी काहीही न बसवलेली बंदिस्त सिस्टिम) दिलं, आतल्या सर्व्हरचा प्रवेश बंद केला, हातात फक्त टारबॉल आणि त्यातली वाचा-मला फाइल. मला काही विचारायचं नाही. यातून पेटीवर चालणारी इमेज बनली तरच सोर्स पूर्ण मानायचा.

पहिल्या दिवशी तो पंधरा मिनिटांत परत आला: क्रॉस-कंपायलर (पेटीच्या प्रोसेसरसाठी बायनरी बनवणारं साधन) ज्या फोल्डरमध्ये शोधला जात होता तो ओडीएमच्या इंजिनिअरच्या होम डिरेक्टरीतला होता. मग यू-बूटचं इमेज बनवणारं साधन सापडेना. मग एका स्क्रिप्टला शेलची जुनी आवृत्ती हवी होती. पाचव्या फेरीत कर्नल झाला, रूट फाइल सिस्टिम झाली, आणि शेवटच्या पायरीवर सगळं अडलं. दोन्ही एकत्र करून वर हेडर आणि चेकसम चढवणारं साधन ओडीएमचं, बंद, फक्त बायनरी. ते नसेल तर बूटलोडर इमेज घेतच नाही. हे साधन जीपीएलचा भाग नाही, असं ओडीएम म्हणाला. पण बसवण्याच्या स्क्रिप्ट द्याव्या लागतात याचा अर्थ काय, जर बसवण्याचं एकमेव साधनच लपवलं? आम्ही हेडरची रचना पाहिली: एक ठराविक संख्या, लांबी, बोर्डचा क्रमांक, सीआरसी (तोच चेकसम). पायथॉनमध्ये साठेक ओळींत ते पुन्हा लिहिलं आणि खुलं केलं. ओडीएमने हरकत घेतली नाही.

आठव्या फेरीत इमेज बनली, पेटीवर चढली, वाय-फाय लागलं. मूळ बायनरीशी ती बिट-बिट जुळत नव्हती, बिल्डच्या वेळा आत भरल्या जात असल्याने जुळणारही नव्हती. म्हणून कर्नलची कॉन्फिग, सिम्बॉलची यादी आणि बिझीबॉक्समधल्या कमांडींची यादी ताडून पाहिली. तिन्ही जुळल्या.

आमच्या गुपित मॉड्यूलवर दोन बैठका झाल्या. ते युजर-स्पेसमध्ये हलवावं, पॅकेट रांगेतून वर आणून तिथे निर्णय घ्यावा, असा एक प्रस्ताव होता. करून पाहिलं, तर त्या प्रोसेसरवर वेग इतका पडला की मर्यादा घालायला काही उरेना. शिवाय आजवर गेलेल्या पेट्यांचं काय, हा प्रश्न होताच. सोर्स द्यायचं ठरलं. प्रसिद्ध करण्याआधी मी एक कमेंट काढावी असा सल्ला मला मिळाला. त्यात मूळ लेखकाने डेडलाइनबद्दलचे आपले विचार मांडले होते. सोर्स म्हणजे ज्यावर आपण काम करतो तो, सजवलेला नव्हे, असं म्हणून मी ती राहू दिली. (खरं सांगायचं तर मला ती आवडायची.)

रीडलाइनच्या बाबतीत नव्या आवृत्तीत तिच्या जागी बीएसडी लायसन्सची लाइननॉइज घातली. आधीच्या आवृत्तीच्या डेमनचा सोर्स द्यायचा का, यावर संचालक अडले, आणि हा एकच मुद्दा मी पूर्ण जिंकू शकलो नाही. ती इमेज मागे घेतली, सगळ्या पेट्यांना अपडेट पाठवला, डेव्हलपरला तसं कळवलं. रीडलाइनमध्ये त्याचा कॉपीराइट नव्हता, तेव्हा त्याने होय-नाही काहीच म्हटलं नाही. लायसन्सच्या काट्यावर हे पुरेसं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

निकाल

सत्ताविसाव्या दिवशी चालू आवृत्तीचा पूर्ण सोर्स फर्मवेअरच्या फाइलीशेजारी चढला. बाजारात एकूण पाच आवृत्त्या गेल्या होत्या. चालू आणि तिच्या आधीची नीट मिळाल्या. त्याआधीच्या दोन, बायनरीतून काढलेली कॉन्फिग आणि चिप कंपनीचे जुने टारबॉल यांच्या मदतीने आम्ही पुन्हा जुळवल्या, आणि त्या पुनर्रचित आहेत असं वर लिहिलं. सर्वांत पहिली मात्र गेली ती गेलीच. ती बनवली ते मशीन ओडीएमने केव्हाच पुसून दुसऱ्याला दिलं होतं.

डेव्हलपरने सोर्स बिल्ड केला, एका फाइलीतला गाळलेला कॉपीराइट मजकूर दाखवून दिला, तो आम्ही परत घातला, आणि त्याने आपल्यापुरतं प्रकरण बंद केल्याचं लिहून दिलं. पैसे मागितले नाहीत. 'आपल्यापुरतं' हा शब्द वकिलांनी अधोरेखित करून संचालकांना दाखवला. त्याच फर्मवेअरमध्ये इतर शेकडो लोकांचा कोड आहे, आणि एकाने दिलेली माफी बाकीच्यांना लागू होत नाही.

ज्या ग्राहकापासून हे सुरू झालं त्याला काय हवं होतं, ते सोर्स चढल्यावर कळलं. नेटफिल्टरने एखादी जोडणी निष्क्रिय धरण्याआधी किती वेळ थांबायचं, तो आकडा त्याला वाढवायचा होता. त्याची जुनी यंत्रं तासातून एकदाच बोलायची आणि तोवर जोडणी तुटलेली असायची. त्याच्या पहिल्या मेलला कुणी उत्तर दिलं असतं तर एका सेटिंगने काम झालं असतं. आमच्या त्या गुपित मॉड्यूलबद्दल आजवर कुणी एक प्रश्नही विचारलेला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात खरेदीच्या करारापासून करेन. आमच्या ओडीएमच्या करारात पॅकिंगच्या पुठ्ठ्याची जाडी लिहिलेली होती, सोर्सबद्दल एक शब्द नव्हता. आता इमेज स्वीकारण्याची अटच अशी आहे की तिचा सोर्स, कंपायलरसकट, सोबत यावा आणि आमच्या कोऱ्या कंटेनरमध्ये बिल्ड व्हावा. नाही झाला तर बिल थांबतं. ओडीएमने पहिल्यांदा कुरकुर केली, दुसऱ्यांदा सोर्स पाठवला. बिल्डरूट या फर्मवेअर बांधणाऱ्या साधनामध्ये लायसन्स आणि सोर्स गोळा करणारी कमांड आधीपासून आहे, योक्टोमध्येही तशी सोय आहे. साधनांची वाण कधीच नव्हती.

कारखान्याला जाणाऱ्या प्रत्येक इमेजला गिटमध्ये टॅग, आणि टॅग नसेल तर कारखान्याची स्क्रिप्ट इमेज उचलतच नाही, हे मी पहिल्या वर्षीच करायला हवं होतं. ते माझ्या हातात होतं. मी केलं नाही, कारण इमेज चालत होती.

मॅन्युअलच्या पानाऐवजी सोर्स डाउनलोडच्या जागीच ठेवणं आम्ही आता पसंत करतो. बायनरी आणि सोर्स एकाच ठिकाणाहून सारख्याच सोयीने मिळाले की वेबवरच्या वाटपापुरता तीन वर्षांचा हिशेब सांभाळावा लागत नाही. पेटीसोबत मात्र लेखी प्रस्ताव अजून जातो, बिल आणि शुल्काच्या अटी काढून. त्यावरचा पत्ता कुणा एकाच्या नावावर नाही, तिघांना मेल जातो, आणि दर महिन्याला आमच्यातलाच कुणीतरी बाहेरच्या खात्यावरून त्यावर एक मेल टाकून उत्तर येतं का ते पाहतो.

एका बाबतीत माझं मत कंपनीपेक्षा वेगळं राहिलं. पुढच्या हार्डवेअरमध्ये कंपनीची डिजिटल सही असलेलं फर्मवेअरच बूट होणार होतं. जीपीएल-३ ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी स्पष्ट सांगतं की बदललेलं सॉफ्टवेअर त्या यंत्रावर बसवण्यासाठी लागणारी माहिती, किल्लीसकट, द्यावी लागते. हे कलम टीव्हो कंपनीच्या टीव्ही रेकॉर्डरवरून झालेल्या वादातून आलं. जीपीएल-२ त्याबद्दल काय म्हणतं यावर जाणकारांचं एकमत नाही. कंपनीने बॅशसारखे जीपीएल-३ चे घटक काढून टाकले, त्यांच्या जागी बिझीबॉक्सचा शेल आणला आणि प्रश्न मिटला असं मानलं. माझं म्हणणं होतं की सीरियल पोर्टवरून, पेटी हातात असणाऱ्यालाच, सही तपासणी बंद करता यावी. वॉरंटी गेली तर जाऊ दे. त्या आकड्यासाठी धडपडणारा ग्राहक आज नवी पेटी घेईल तर त्याला सोर्स मिळेल, तो बिल्डही होईल, पण पेटीवर चढणार नाही. ती मागणी अजून प्रलंबित आहे.

डाउनलोडच्या पानावर पाच ओळींचा तक्ता आहे. पहिल्या आवृत्तीसमोर लिहिलं आहे: 'या आवृत्तीचा सोर्स आमच्याकडे उपलब्ध नाही. कृपया अपडेट करा.' मार्केटिंगने ती ओळ काढण्याची विनंती तीनदा केली आहे.